एका साच्याच्या दोघी

बीड जिल्ह्यात बसून शिडाच्या बोटींची तुलना करायची, म्हणजे एकादशीच्या दिवशी श्रीखंड बरं की बासुंदी यावर वाद घालायचा. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. गोदावरी आहे, पण तीही जिल्ह्याच्या शिवेशिवेनं अंग चोरून जाते. पूर्वी पाणी चढलं की पैलतीराला जायला गूळ करायची काहील नदीत सोडत. काहिलीला शीड नाही, सुकाणू नाही, एवढंच काय, पुढची बाजूही नाही. ती गरगर फिरत जिथं टेकेल तो आपला किनारा. आमची नौकानयनाची परंपरा एवढीच.

तरी गेला महिनाभर आमच्या अंबाजोगाईच्या घरात 'म्हादेई' चांगली की 'तारिणी', यावर जेवणं गार होत आहेत. कारण आमची नात. बारावीतली मुलगी, इतरांच्या मुली डॉक्टर व्हायला लातूरला क्लासला जातात, हिला नौदलात जायचंय. तेही कचेरीत बसायला नव्हे, तर शिडाच्या बोटीनं पृथ्वीप्रदक्षिणा करायला! आमचे चिरंजीव, म्हणजे तिचे वडील, साधा मिक्सर घेताना चार दुकानं पालथी घालणारे. ते म्हणाले, "जायचं की नाही ते मागनं बघू. आधी कुठली बोट मजबूत ते तरी कळू द्या." मी निवृत्त मास्तर. त्यामुळे कागदावर दोन रकाने आखायचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. स्थळं बघताना आखतात तसेच आखले.

म्हादेई: लांबी 56 फूट. तारिणी: लांबी 56 फूट. म्हादेईचा आराखडा हॉलंडच्या व्हॅन द स्टाट यांचा, 'टोंगा 56' नावाचा. तारिणीचा? तोच. म्हादेई गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली. तारिणीचं माहेरही तेच. अंग दोघींचंही लाकूड आणि फायबरग्लासचं. फरक काय तो वयाचा. थोरली नौदलात आली फेब्रुवारी 2009 मध्ये, धाकटी फेब्रुवारी 2017 मध्ये. पत्रिका इतक्या जुळल्या की चिरंजीवांना मीच काहीतरी दडवतोय असा संशय आला.

शेजारचे निवृत्त नायब तहसीलदार अशा वेळी न बोलावता येतात. ते म्हणाले, "मास्तर, नवीन ती चांगली. सोपं आहे." मी म्हटलं, "साहेब, मग तुमच्या-माझ्यासारख्यांचं काय?" ते गप्प बसले, पण चहा घेऊनच गेले.

खरं तर बोटीचा रकाना संपतो तिथून पुढं बघायला हवं. ही प्रदक्षिणेची कल्पना कुणाची? व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींची. निवृत्तीनंतर ते राहिले कुठं, तर फलटणजवळ विंचुर्णीला. तिथून समुद्र दिसत नाही. म्हणजे समुद्राची स्वप्नं कोरडवाहू रानातही उगवतात, हा एक मुद्दा मी नातीच्या बाजूनं गुपचूप टिपून ठेवला.

त्यांचं ऐकून कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला म्हादेईवर एकटे निघाले आणि चार बंदरं करून मे 2010 मध्ये मुंबईला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांना काठावरून मदत करणारे अभिलाष टॉमी पुढं त्याच बोटीनं 1 नोव्हेंबर 2012 ला निघाले, ते कुठंही न थांबता 31 मार्च 2013 ला मुंबईत पोचले. नंतर सहा जणी याच म्हादेईवर शिकल्या, दोंद्यांच्या हाताखाली. त्या शिकल्या तेव्हा कुठं तारिणी पाण्यात उतरली. वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली 10 सप्टेंबर 2017 ला निघून, केप हॉर्नला वळसा घालून 21 मे 2018 ला त्या गोव्यात परत. वाटेत सुकाणू बिघडलं, मॉरिशसला थांबून नीट केलं, पुढं निघाल्या. मग 2 ऑक्टोबर 2024 ला तीच तारिणी घेऊन फक्त दोघी निघाल्या, दिलना के. आणि रूपा अळगिरीसामी. त्यांना तयार केलं टॉमींनी. 29 मे 2025 ला त्या परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

मी हे वाचून दाखवलं. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे मजबूत कुठली?"

इतका वेळ भाजी निवडणारी आमची ही म्हणाली, "अरे, साचा एकच आहे म्हणतायत ना? थोरलीला वाट विचारायला कुणी नव्हतं, धाकटीला होतं. धाकटी हुशार दिसते ती त्यामुळं."

मग मी टॉमींची हकिगत सांगितली. शेवटच्या टप्प्यात त्यांच्या पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं आणि पावसाचं पाणी धरून दिवस काढावे लागले. चिरंजीवांचा चेहरा पडला. ही मात्र खुलली.

"पाणी पुरवून वापरायचं? एवढंच ना? 2016 ला मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा हीच पोर तांब्याभर पाण्यात अंघोळ करून त्याच पाण्यात मोजे धूत होती. बोटीवर पाणी कसं पुरवायचं ते बीडच्या पोरीला कोण शिकवणार? उलट त्यांनाच शिकवून येईल!"

माझ्या दोन रकान्यांत हा मुद्दा कुठं बसेना. म्हणून मी तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं: नात.

चिरंजीव बराच वेळ त्या रिकाम्या रकान्याकडं बघत बसले. मग हळूच म्हणाले, "पण हिला पोहता कुठं येतंय?" मी मास्तर असल्यामुळं होकार कुठल्या प्रश्नात लपलाय ते मला लगेच कळतं.

मळ्यातल्या विहिरीला मार्गशीर्षापर्यंत पाणी टिकतं, तोवर पाठीला डबा बांधून शिकवायचं ठरलंय. शिकवणार तिची आत्या. ती याच विहिरीत शिकली. तेव्हा काठावर शिकलेली बाई एकही नव्हती, म्हणून तिला दोन उन्हाळे लागले.

हिला एक पुरेल, असं आत्याच म्हणते.