पाणी मोजणाऱ्यांच्या मागोमाग

सकाळचे आठ. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठावर यावेळी कुणीतरी मोजपट्टीपाशी उभं असतंच. नदी पात्रात असो, नाहीतर मळीत शिरलेली असो. पाणी चढायला लागलं की तेच काम तासातासाला, रात्रीसुद्धा. आपण सकाळी मोबाईलवर ‘पातळी किती झाली?’ म्हणून बघतो, तो आकडा कुणीतरी चिखल तुडवत जाऊन आणलेला असतो.

*

मोजपट्टी दिसायला साधी असते. मुलामा दिलेल्या पत्र्यावर काळ्या-पांढऱ्या खुणा, पुलाच्या खांबाला ठोकलेल्या किंवा काठाच्या उतारावर एकाखाली एक रोवलेल्या. वाचायला मात्र कसब लागतं. पुराचं पाणी खांबावर आपटतं, वरच्या अंगाला फुगतं आणि मागच्या अंगाला खोल जातं. शिवाय लाटा असतातच. जाणता माणूस एकदा बघून आकडा लिहीत नाही. मिनिटभर नजर तिथेच ठेवतो, लाट वर कुठवर गेली, खाली कुठवर आली ते पाहतो आणि मधला आकडा घेतो. रात्री हेच बॅटरीच्या उजेडात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात वही धरून. पाणी उतरलं की पट्टीवर गाळाचा थर बसतो, तो काथ्यानं घासून काढायचा, म्हणजे पुढच्या वेळी खुणा दिसतात.

*

सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 39 आणि 43. हे आकडे दोन्ही जिल्ह्यांत शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, राजाराम बंधाऱ्यावर 55 च्या वर.

हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘सांगलीत कोल्हापूरपेक्षा दोन फूट जास्त पाणी’ असं म्हणता येत नाही. प्रत्येक पट्टीचं शून्य वेगळं. ते त्या ठिकाणच्या सोयीनं धरलेलं असतं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण साठ्याची पातळी सांगतात ती 519.60 मीटर, आणि ती समुद्रसपाटीपासून. अलमट्टीच्या फुगवट्यावरून दर पावसाळ्यात वाद पेटतो, तेव्हा एक बाजू फुटांत बोलत असते आणि दुसरी मीटरांत. वाद घालायला हरकत नाही, माणसांची घरं गेली आहेत, त्यांना विचारायचा हक्कच आहे. पण आधी सगळ्या पट्ट्यांची शून्यं एकाच पायावर आणून मांडली पाहिजेत. आयर्विन, अंकली, राजापूर बंधारा, हिप्परगी, अलमट्टी, अशी एकाच तासाची पाणीपातळी एका ओळीत, समुद्रसपाटीपासूनच्या मीटरांत, दोन्ही राज्यांतल्या लोकांना वाचता येईल अशी. मग फुगवटा कुठवर आला आणि कुठे थांबला ते कागदावरच दिसेल.

*

पातळी मोजता येते. विसर्ग मात्र बहुतेक वेळा काढावा लागतो. हा फरक बातम्यांत हरवतो.

राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1,428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, हा आकडा कोल्हापूरकरांना तोंडपाठ. तो दरवाजाच्या मापावरून आलेला आहे. पण मोकळ्या नदीतून किती पाणी चाललंय हे कसं कळायचं? त्यासाठी नदीची रुंदी ठिकठिकाणी विभागून घेतात. प्रत्येक भागात खोली मोजतात, मग प्रवाहमापक खाली सोडतात. माशाच्या आकाराचं जड वजन, त्याच्या वर छोट्या वाट्यांचं फिरकं. पाण्याच्या जोरानं ते फिरतं, ठरावीक फेऱ्यांमागे कानातल्या यंत्रात टक् असा आवाज येतो. हातात स्टॉपवॉच. आवाज मोजायचे, वेळ लिहायची. पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांशावर मिळणारा वेग हा साधारण त्या उभ्या रेषेचा सरासरी वेग मानतात. पाणी खोल असलं तर दोन-दशांश आणि आठ-दशांश अशा दोन ठिकाणी मोजून सरासरी काढतात. वेग गुणिले क्षेत्रफळ, मग सगळ्या भागांची बेरीज.

हे फिरकं विश्वासाचं आहे की नाही, हे तपासायची एक जागा पुण्याजवळ आहे. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, 1916 पासूनचं. तिथे लांबलचक हौदातल्या स्थिर पाण्यातून फिरकं ठरलेल्या वेगानं ओढून नेतात आणि किती वेगाला किती फेऱ्या, ते बांधून देतात. पाणी स्थिर आणि यंत्र चालतं. नदीत याच्या बरोबर उलट. मला हा हौद फार आवडतो.

*

भर पुरात फिरकं खाली सोडणं जिवावरचं काम. मुळासकट उपटलेली झाडं येतात, जलपर्णीचे गठ्ठे येतात, मेलेली जनावरं येतात. तार अडकली तर यंत्र जातं, माणूसही ओढला जाऊ शकतो. मग तरंगतं काहीतरी धरायचं. काठावर अंतर मोजून दोन खुणा केलेल्या असतात. नारळ किंवा लाकडाचा ओंडका पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेपर्यंत किती सेकंदांत गेला, ते पाहायचं. हा पृष्ठभागाचा वेग. खालचं पाणी तळाशी घासत चालतं म्हणून हळू असतं, त्यामुळे साधारण 0.85 ने गुणून सरासरी धरतात. हे ढोबळच आहे. पण महापुराच्या दिवशी मिळालेला ढोबळ आकडा पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडतो, कारण त्या उंचीवर नदीला कुणी सहसा मोजलेलंच नसतं. एरवी आपण लहान पुरांच्या नोंदींवरून रेघ वर ओढत नेऊन मोठ्या पुराचा अंदाज बांधत असतो.

*

पातळी आणि विसर्ग यांची जोडी एकदा बसली की नुसती पट्टी वाचून विसर्ग सांगता येतो. त्यासाठीचा आलेख असतो. पण नदी चढताना आणि उतरताना त्याच पातळीला सारखं पाणी वाहत नाही. चढत्या पुरात पाण्याच्या पृष्ठभागाला उतार जास्त असतो, वेग जास्त, त्यामुळे विसर्ग जास्त. उतरत्या पुरात तीच पातळी असते, पण पाणी सुस्त झालेलं असतं.

शिरोळ तालुक्यात तर पातळीवरून विसर्ग सांगणं फारच बेभरवशाचं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढे जायला वाटच मिळत नाही, ती मागे तुंबते. विसर्ग तोच, किंबहुना कमी, आणि पातळी चढलेली. कुरुंदवाडच्या माणसाला ‘धरणातून विसर्ग कमी केलाय’ असं सांगितलं तर तो म्हणणार, ‘मग माझ्या दारातलं पाणी का हलेना?’ त्याचा प्रश्न शास्त्राला धरून आहे. अशा ठिकाणी एक पट्टी पुरत नाही. वर एक, खाली एक अशा दोन पट्ट्या हव्यात. त्यांच्यातला उतार कळला तरच काही सांगता येतं.

नृसिंहवाडीच्या दत्ताच्या देवळात पाणी उत्तर दारातून शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. स्नानासाठी दुरून लोक येतात. पाणी कधी चढलं आणि कधी उतरलं, हे देवस्थानच्या माणसांइतकं बारकाईनं क्वचितच कुणी पाहत असेल.

*

नाशिकला गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, यावरून अख्खं शहर पुराचा अंदाज बांधतं. ही मोजपट्टी समजावून सांगावी लागत नाही. ज्याला क्युसेक कळत नाही त्यालाही मारुतीच्या गळ्याशी आलेलं पाणी कळतं. प्रत्येक गावात पातळीचा आकडा असा ओळखीच्या जागेत सांगायला हवा. सांगलीत पाणी आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या बाजूला शिरतं. किती फुटांना कोणती गल्ली, कोणता रस्ता बंद, कोणत्या वाडीचा संपर्क तुटतो, हे गावागणिक लिहून चावडीवर लावलेलं असलं तर माणसं वेळेत निघतील. 2019 मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटली, तिच्यातली माणसं पाण्यानं वेढलेल्या गावातून बाहेर पडत होती.

*

11,574 क्युसेक चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट. हा आकडा लक्षात ठेवला की धरणाच्या बातम्या वाचताना फार बरं पडतं.

*

पाऊस. नवजा, कोयनानगर, महाबळेश्वर ही तीन नावं आणि त्यांच्यापुढचे मिलिमीटर सांगली-साताऱ्याकडची माणसं पावसाळाभर वाचतात. पर्जन्यमापकाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. त्यामुळे ‘काल रात्री झालेला पाऊस’ आजच्या तारखेला पडतो आणि नवख्या माणसाचा गोंधळ होतो.

एका मापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ केवढं, तर जेवणाच्या ताटापेक्षाही लहान. त्यावरून आपण डोंगरच्या डोंगर मोजतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला 75 मिलिमीटरसुद्धा नाही. मधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. त्या दिवशी शहरात फक्त कुलाब्याचाच मापक असता, तर कागदोपत्री तो पावसाळ्यातला एक साधा दिवस ठरला असता. सह्याद्रीत घाटमाथा आणि पायथा यांतही मोठी तफावत नेहमीची. म्हणून मापक जास्त हवेत, आणि असलेल्यांची देखभाल हवी. आपोआप नोंद करणाऱ्या मापकाच्या नरसाळ्यात एक पान अडकलं की तो ‘पाऊस शून्य’ असं अगदी वेळेवर कळवत राहतो. यंत्र बंद पडलंय हे कुणी जाऊन बघेपर्यंत कळत नाही.

*

आता पुलांवर रडारचे डोळे बसू लागले आहेत. पाण्याला न शिवता पातळी मोजतात, तिथून थेट कळवतात. चांगलंच आहे. पण शेजारची जुनी पट्टी काढू नये, आणि ती वाचणाऱ्या माणसालाही कमी करू नये. मला भेटलेल्या पट्टी वाचणाऱ्यांपैकी काही जण हंगामी होते. त्यांना ऐन पुरात तासातासाला पाण्याशी जायला सांगायचं, तर जीवरक्षक जाकीट, चांगला दिवा, बसायला कोरडी जागा आणि वेळेवर पगार एवढं द्यायलाच हवं. ही मागणी मोठी नाही.

*

जमिनीखालचं पाणी मोजायला गर्दी जमत नाही. त्याला कुणी सेल्फी काढायला येत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1971-72 च्या सुमारास उभी राहिली. निरीक्षण विहिरींचं तिचं जुनं जाळं सुमारे चार हजार विहिरींचं. महाराष्ट्रात गावं चाळीस हजारांवर. म्हणजे ढोबळमानानं दहा गावांमागे एक विहीर. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी वर्षातून चार वेळा पातळी घेतात. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून, पावसाची तूट जोडून, कुठे टंचाई येणार याचा अंदाज निघतो. टँकर कुठे लागतील, याचा विचार तिथून सुरू होतो.

मोजणी अशी. विहिरीच्या काठावर रंगाची एक कायमची खूण असते, टेप नेहमी तिथूनच सोडायचा. खालच्या टोकाला खडू चोळलेला, भिजलेला भाग स्पष्ट दिसतो. आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. पण टेप सोडायच्या आधी विहिरीच्या मालकाशी बोलणं महत्त्वाचं. ‘दादा, मोटर कधी बंद केली?’ ‘आत्ताच की. लाईट गेली.’ मग थांबायचं. उपसा चालू असताना घेतलेली पातळी ही विहिरीची झाली, जमिनीची नाही. झरे भरून पाणी आपल्या जागी येईपर्यंत बांधावर बसून राहायचं. घाईत पाच विहिरी मोजण्यापेक्षा दोन नीट मोजणारा माणूस मला जास्त मोलाचा वाटतो.

*

राज्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या खडकाचा. लाव्हाचे थरावर थर. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, खाली घट्ट काळा पाषाण, मधेच गेरूचा तांबडा पट्टा. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. त्यामुळे एकाच बांधाच्या अल्याडची विहीर भरलेली आणि पल्याडची कोरडी, हे नेहमीचं. अशा जमिनीत दहा गावांची एक विहीर फार मोठा बोजा वाहते. ती बुजवली गेली किंवा तिच्या शेजारी खोल बोअर पडलं, तर कित्येक वर्षांची नोंद तिथेच तुटते. नवी विहीर निवडता येते. जुन्या विहिरीची मागची वर्षं तिला जोडता येत नाहीत.

म्हणून गावानं स्वतः मोजावं. हिवरे बाजारला पाऊस मोजतात, त्यावरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावर ठरतं. तिथे मोजणी आणि निर्णय यांच्यात एका बैठकीचं अंतर आहे. बाकीकडे आकडे तालुक्याला जातात, तिथून जिल्ह्याला, तिथून पुण्याला. विहिरीच्या मालकाला मात्र त्याच्याच विहिरीचा मागच्या वीस वर्षांचा आलेख कुणी दाखवलेला नसतो. तो त्याला लॅमिनेट करून द्यावा. खर्च किती येणार?

*

पूर ओसरल्यावरचं काम. घरंदारं धुवायला काढायच्या आत पुराच्या खुणा टिपून घ्यायच्या, कारण पुढच्या सरीत आणि झाडूत त्या जातात. भिंतीवर एकापेक्षा जास्त रेघा दिसतात. पाणी उतरताना थांबत थांबत उतरतं, त्यामुळे सगळ्यात वरची रेघ धरायची. बाहेरच्या भिंतीपेक्षा आतल्या बंद खोलीतली रेघ खरी, तिथे लाटा पोचत नाहीत. झाडाच्या फांदीवर अडकलेल्या गवतावर विसंबू नये. पाण्याच्या लोंढ्यात फांदी वाकलेली असते, पूर गेला की गवतासकट वर उठते. रेघ मिळाली की लेव्हल लावून तिची खरी उंची काढतात. निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या कागदावर काढताना अशाच घराघरांतल्या खुणा पडताळ्याला लागतात. सांगलीनं 2005, 2019, 2021 असे सोळा वर्षांत तीन महापूर पाहिले. रेषा पुन्हा काढाव्या लागतील. तेव्हा ज्यांच्या घरी खूण आहे त्यांनी शेजारी तारीख आणि वेळ तैलरंगानं लिहून ठेवावी, आणि घराला रंग देताना भिंतीवरची तेवढी वीतभर जागा सोडायला रंगाऱ्याला आठवणीनं सांगावं.