रोजा, यीस्ट आणि अम्मीची साखर

गेल्या रमजानमध्ये माझ्या भाच्याने अम्मीला मोबाईलवरचा एक मेसेज वाचून दाखवला. 'रोज्याने पेशी तरुण होतात, हे सिद्ध केल्याबद्दल जपानी शास्त्रज्ञाला नोबेल!' अम्मी पंच्याहत्तरीची, इन्सुलिनवर. डॉक्टरांनी रोजे बंद करायला सांगितलेले. ती म्हणाली, "बघ, आता सायन्सही तेच सांगतंय." दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तिने रोजा धरला. दुपारी दरदरून घाम, हात थरथरलेले. साखर एकदम उतरली होती. तिला साखरेचं पाणी पाजताना माझेही हात थरथरत होते.

मी भाषेचा मास्तर. विज्ञान कधीच सुटलं. तरी त्या रात्री तरावीहनंतर वाचत बसलो.

योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं, हे खरं. पण त्यांनी उपाशी ठेवलं होतं यीस्टला, पावाचं पीठ फुगवणाऱ्या एकपेशीय जिवाला. उपाशी पेशी स्वतःचेच काही भाग पिशवीत गुंडाळते, आतल्या एका थैलीत नेऊन विरघळवते आणि तो माल पुन्हा वापरते. अम्मी जुन्या कपड्यांची गोधडी शिवायची, तसंच. १९९३ मध्ये ओसुमींनी या कामाला लागणारी १५ जनुकं शोधल्याचं जाहीर केलं.

पुढचं वाचून मी थांबलो. ज्या यीस्टमध्ये ही जनुकं बिघडलेली असतात, ते उपासमारीत लवकर मरतं. वाढ थांबलेल्या पेशी किती दिवस जगतात, यावरून यीस्टचं म्हातारपण मोजतात. त्यातही अशा पेशी मागे पडतात. म्हणजे भूक तीच. आतली व्यवस्था धड असेल तर पेशी तग धरते, नसेल तर संपते.

यीस्टवरून अम्मीचा इलाज ठरत नाही, हे मी भाच्याला समजावलं. अम्मीला एवढंच म्हणालो, "आजाऱ्याला सूट अल्लाहनेच दिली आहे. फिदया देऊ या."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लहानपणापासून एकही रोजा सोडला नव्हता रे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उरलेला रमजानभर रोज एका गरजूचं जेवण तिने स्वतः रांधलं. रोजा अल्लाहसाठी असतो. त्यावर नोबेलचा शिक्का कशाला हवा?