सोनेगावची धावपट्टी आणि कापडी पंख

नागपुरात सीताबर्डीहून खापरीकडे जाणारी मेट्रो अजनी, जयप्रकाशनगर, उज्ज्वलनगर अशी स्थानके मागे टाकीत वर्धा मार्गाच्या वरून धावते, आणि विमानतळ स्थानकाच्या सुमारास पश्चिमेला सोनेगावची सपाट जमीन दिसू लागते. १९१७-१८ मध्ये, पहिले महायुद्ध अद्याप संपावयाचे असताना, ब्रिटिश हवाई दलासाठी येथे तळ उभारला गेला. त्या काळची बहुतेक लष्करी विमाने द्विपंखी होती, म्हणजे एकावर एक अशा दोन पंखांमध्ये लाकडी खांब व ताणलेल्या तारा आणि सांगाड्यावर रोगण दिलेले कापड, एवढीच त्यांची रचना असे. दुसऱ्या महायुद्धात सोनेगाव हा दूरच्या आघाडीकडे निघालेल्या विमानांचा वाटेवरचा तळ झाला.

त्याच युद्धात मरीना रास्कोवा यांच्या पुढाकाराने सोव्हिएत रशियात उभी राहिलेली ५८८वी रात्र-बाँबफेकी रेजिमेंट, वैमानिकांपासून बाँब चढवणाऱ्यांपर्यंत सर्वस्वी स्त्रियांची, पो-२ या द्विपंखी विमानांतून १९४२ पासून लढत होती. हे विमान मूळचे शिकाऊ वैमानिकांसाठी आणि शेतावर औषध फवारण्यासाठी असून त्याचा वेग ताशी जेमतेम दीडशे किलोमीटर होता. लक्ष्य जवळ येताच इंजिन मंद करून, केवळ पंखांच्या आधारे तरंगत ते खाली आणले जाई. तारांमधून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज तेवढा खंदकांत ऐकू येई, आणि त्यावरून जर्मन सैनिकांनी या स्त्रियांना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हटले. त्यांनी तेवीस हजारांहून अधिक उड्डाणे केली.

भारतात सरला ठकराल यांनी १९३६ मध्येच, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लाहोर येथे साडी नेसून याच जातकुळीचे ‘जिप्सी मॉथ’ एकटीने उडवले होते. परंतु युद्ध सुरू होताच नागरी वैमानिकांचे प्रशिक्षण थांबले आणि व्यावसायिक परवान्यासाठी जोधपूरला गेलेल्या सरलांची वाट तिथेच खुंटली. म्हणजे ज्या युद्धाने रशियन तरुणींच्या हाती असे साधे विमान दिले, त्यानेच ते सरलांच्या हातून काढून घेतले, आणि ही हानी त्यांच्या एकटीची नव्हती.

जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली टपाल विमाने रात्री सोनेगावी एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करीत. रात्रीचे उड्डाण नागपूरच्या अंगवळणी पडले, मात्र लढाऊ विमान भारतीय स्त्रियांच्या हाती येण्यास जून २०१६ उजाडावे लागले. जून २०१९ मध्ये नागपूरच्या अंतरा मेहता हैदराबादजवळील दुंडीगलच्या वायुसेना अकादमीतून लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या, तेव्हा वर्धा मार्गावरून मेट्रो धावू लागून तीनच महिने झाले होते.