हसण्याआधीचा विराम

ताप उतरला, पण स्क्रीनकडे बघवेना. शाहूपुरीतल्या खोलीत विनोदी व्हिडिओंचा तो दिग्दर्शक-संकलक नुसताच पडून होता.

डोक्यात मास्टर विनायक. कोल्हापूरचाच माणूस. आधी नट, मग १९३५च्या ‘विलासी ईश्वर’ चित्रपटापासून दिग्दर्शक. १९३८च्या ‘ब्रह्मचारी’त आचार्य अत्र्यांनी लिहिलेला औदुंबर त्यांनी स्वतःच रंगवला. ब्रह्मचर्याचा ध्यास घेतलेल्या औदुंबराला किशोरी भेटते, आणि हसू येतं ते त्याच्या गंभीर चेहऱ्याचं. तो चेहरा जरा लवकर कापला तर विनोद गेला. रेंगाळला, तरी गेलाच. रीलच्या घाईत नेमका हा विराम आधी उडवला जातो.

नोकरी सोडून हे व्हिडिओंचं धरलं, ते बरं केलं का? घरच्यांना अजून हे काम वाटत नाही. रविवारी शूट आहे, आणि शेवट लिहायचा राहिलाय.