कामाला आलेला देव

आमच्या नेरूळला थंडीत मालवणी जत्रेचा मांडव पडला, की मी खाजं घेऊन दशावताराला बसतो. नाव दशावतार, पण दहा अवतार काही दिसत नाहीत. गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जातात. मग वेद पळवणारा काळा संकासुर लोकांची यथेच्छ टिंगल करतो आणि विष्णू त्याला मारतो. झाला आडदशावतार! पुढचं आख्यान वेगळंच; त्यातले संवाद पेटी-मृदंगाच्या साथीवर जागच्या जागी सुचतात.

यंदा शेजारी सोबत होता. तो बौद्ध. “दहांत आमचा बुद्ध धरत नाहीत ना?” त्याने हसत विचारलं. मी गप्प. नागपुरात 1956 साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी नेमकी हीच : बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे. आणि आमच्या जुन्या पंचांगांवर नववा अवतार, बौद्ध म्हणून, चक्क विठोबा उभा!

विठोबाला खरं तर त्या यादीत जागा कशाला हवी? तो अडीनडीला माणूस होतो. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं लोकांना खुली केली, तेव्हा विठू महार होऊन त्याने बेदरच्या बादशहाकडे पैसे भरले. पैठणला संत एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन तोच देव बारा वर्षं पाणी भरत होता म्हणतात. असुर कुठेच नाही. निरोप्याचं आणि पाणक्याचं काम. गोव्यात साष्टीतल्या फादर स्टीफन्सने 1616 साली ख्रिस्ताची कथाही अशाच मराठी ओव्यांत छापली. गोठ्यात जन्मलेला, सुताराच्या घरी वाढलेला देव ओवी ऐकणाऱ्यांना फारसा परका वाटला नसावा. इस्लामला मात्र देवाने देह घेणं मुळीच मंजूर नाही.

दामाजीची गोष्ट मी शेजाऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगितली. तो म्हणाला, “देव महार झाला ते ठीक. महार पंढरपूरच्या देवळात कधी गेला?”

1947. त्यासाठीही साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. लहानपणापासून ऐकलेल्या त्या गोष्टीला हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

आख्यान सुरू व्हायच्या आधी आम्ही मांडवामागे गेलो. संकासुराला मारून विष्णू मोकळा झाला होता. मुकुट मांडीवर, कपाळावर दोरीचा वळ, रंगातून घामाचा ओघळ. पोराने चहा पुढे केला.

“साकर नाय ना घातलंस? माका शुगर आसा.”