फोनमधला केर

शब-ए-बरातच्या आधी अम्मी घराचा कोपरा न् कोपरा झाडायची. या वर्षी मी फोन झाडायला बसलो. जागा संपली होती, नवा फोटोही निघेना.

आधी सेटिंग्जमध्ये जाऊन एकेका अ‍ॅपची कॅशे पुसली. ती तात्पुरती साठवण. पुसली तरी अ‍ॅप ती पुन्हा तयार करतं. शेजारच्या ‘डेटा पुसा’ला मात्र हात लावला नाही, त्याने लॉगिनसकट सगळं जातं. कधीच काढून टाकलेल्या अ‍ॅपच्या फायली डाउनलोडमध्ये पडून होत्या, त्या काढल्या. व्हॉट्सअ‍ॅपमधली ईद मुबारकची शेकडो चित्रंही गेली.

मग व्हॉइस नोट्सचं फोल्डर आलं. नावं म्हणजे नुसत्या तारखा नि आकडे. सगळं निवडलं, बोट डिलीटवर नेलं, आणि सहज एक फाइल ऐकली.

"सहरी कू उठ्या क्या रे?"

अम्मी जाऊन दोन वर्षं झाली.

केर टाकण्याआधी ती तो चाळून बघायची. एखादा मणी, एखादं नाणं निघायचंच. ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली. आता बाकीच्या एकेक ऐकतोय. फोनमध्ये जागा अजून कमीच आहे.