हौस की हवस?

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे एका भाषेतून दुसरीत गेलेला शब्द दिसला की वर्गाला थांबवून तो दाखवायची खोड लागली आहे. असाच एक शब्द 'हवस'. मूळ अरबी. उर्दूत त्याचा अर्थ वाईट : हाव, वासना, कधीच न भागणारी भूक. तोच शब्द मराठीत आला आणि 'हौस' झाला. मराठी माणूस हौसेने घर सजवतो, हौसेने डोहाळजेवण करतो आणि वर हौसेला मोल नसतं असंही म्हणतो. एकच शब्द एका घरात बदनाम, दुसऱ्या घरात लाडका.

गेल्या वर्षी हा शब्द फळ्यावरून उतरून माझ्याच मागे लागला. वयाच्या ४६ व्या वर्षी मला क्रूझर मोटरसायकल घ्यावीशी वाटू लागली.

तुम्ही म्हणाल, सर, हे वय आहे का? पण याची मुळं जुनी आहेत. आमचं घर मुकुंदनगरला. शेजारी भिंगार कॅम्प. लष्कराच्या बुलेटचा आवाज ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. पुढे २००१ साली बजाजने कावासाकीबरोबर 'एलिमिनेटर' आणली. लांबलचक, बसकी, हँडल मागे ओढलेलं, पाय पुढे. मी तेव्हा बी.एड.च्या तयारीत होतो आणि खिशात एस.टी.च्या तिकिटापुरते पैसे असायचे. नगरच्या दिल्लीगेटजवळ ती गाडी पहिल्यांदा पाहिली आणि रस्त्याच्या कडेला उभाच राहिलो. २००५ मध्ये तिच्या जागी पल्सरचं इंजिन बसवलेली 'ॲव्हेंजर' आली. जाहिरातीत म्हणायचे, 'फील लाइक गॉड', म्हणजे गाडीवर बसा आणि खुदा झाल्यासारखं वाटू द्या. अब्बांनी तेवढं वाक्य ऐकलं, 'अस्तग़फ़िरुल्लाह' म्हटलं आणि टीव्ही बंद केला. विषय तिथेच संपला.

२००९ मध्ये नोकरी पक्की झाल्यावर स्प्लेंडर घेतली. तिच्याविषयी वाईट बोललो तर नमकहरामी होईल. रोज नगरहून करंजी घाट उतरून तिसगावच्या पुढे शाळा, जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर. पंधरा वर्षांत तिने मला क्वचितच रस्त्यात सोडलं. २०२४ मध्ये तिच्या नोंदणीची १५ वर्षं संपली. पासिंग पुन्हा करायचं, हजार रुपये फी, वर ग्रीन टॅक्स. तेव्हा मनात आलं, या जुन्या गाडीवर खर्च करण्यापेक्षा आता ती हौस का भागवू नये?

घरात मात्र मी वेगळं सांगितलं. बेगमचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. तिचं माहेर जामखेड, नगरहून पाऊणशे किलोमीटर. एस.टी.ची पायरी तिला चढवत नाही. स्प्लेंडरवर एका बाजूला बसलं की अर्ध्या वाटेत कंबर धरते. माझी सासू अंथरुणाला खिळलेली, आणि लेक चार-चार महिने आईकडे जात नाही. मी म्हटलं, "तुझ्यासाठी घेतो. सीट खाली असते, पाठीला टेकू असतो."

खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. तिचा गुडघा मी माझ्या हौसेचा वकील केला होता.

नवी घ्यायची नाही हे ठरलेलं होतं. नव्या गाडीचे हप्ते म्हणजे व्याज, आणि ते मला नको. माझ्याकडे होते भिशीचे ६० हजार. आम्ही बारा शिक्षक दरमहा पाच-पाच हजार घालतो, ज्याची पाळी त्याने उचलायचे. देणं-घेणं सरळ, व्याज नाही. एवढ्यात जुनी गाडी बसवायची होती.

इथूनच नियतीची परीक्षा सुरू झाली. नियती म्हणजे नशीब नव्हे, आमची नियत.

केडगावला एका तरुणाकडे थंडरबर्ड असल्याचं कळलं. रॉयल एनफिल्डची ही क्रूझर २००२ साली पहिल्यांदा आली, २०१२ मध्ये नव्या रूपात, आणि २०२० मध्ये मिटिअर आल्यावर बंद झाली. त्याची गाडी २०१३ ची, ३५० सीसी, काळीभोर, वीस लिटरची टाकी. मागणी ८५ हजार. मी फक्त 'पाहायला' गेलो होतो. चावी फिरवली, तो धीरगंभीर ठोका ऐकला आणि भिंगार कॅम्पातला पोरगा जागा झाला. वरचे २५ हजार? मन लगेच म्हणालं, पतसंस्थेतून थोडंसं उचलू, सगळेच उचलतात, किती ते व्याज होणार! दुसऱ्या दिवशी मी फॉर्म मागून आणला. वीस वर्षं दुसऱ्यांना व्याजावर उपदेश करणारा मी, फॉर्म घडी करून वरच्या खिशात घेऊन हिंडत होतो.

रविवारी बेगमला सोबत नेलं, ट्रायलला. ती कशीबशी मागे बसली. गल्लीच्या टोकाला वळण घेताना खडी होती. वेग चालण्याइतकाच. पुढचं चाक थोडं सरकलं, मी डावा पाय टेकवला, पण १९० किलोंच्या वरची गाडी आणि दोन माणसं त्या एका पायावर कुठे पेलणार? गाडी हळूहळू, अगदी सावकाश आडवी झाली. मला काही झालं नाही. बेगमने उतरायला पाय टाकला आणि तोच गुडघा पिळला गेला.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "गिरे सो गिरे. अब उठाव तो सही उसकू."

मला ती एकट्याला उचलता आली नाही. गाडीवाला पोरगा आणि समोरचा दुकानदार धावले.

तीन दिवस ती गुडघा शेकत होती. तक्रार एका शब्दाची नाही. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. सवारीवर बसताना आम्ही जी दुआ पढतो, ती हेच आठवून देते की ही सवारी आपल्या बळावर काबूत आलेली नाही. लहानपणापासून पाठ आहे. त्या दिवशी पढायची राहिली होती, कारण लक्ष आवाजाकडे होतं. पतसंस्थेचा फॉर्म मी फाडला.

झेंडीगेटला माझे जुने फिटर आहेत. स्प्लेंडरचं इंजिन दोनदा त्यांच्याच हातून उघडलं गेलं. त्यांना सगळं सांगितलं. हात पुसत ते म्हणाले, "सर, तुम्हाला गाडी पाहिजे का आवाज पाहिजे? आवाज पाहिजे तर माझ्याकडे नका येऊ." मग त्यांनी मला शिकवलं, मी वर्गात शिकवतो तसं, एकेक करून. जुनी क्रूझर घेताना उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो.

एक, आधी बसून बघा, चालवून नंतर. दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. ॲव्हेंजरची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर, स्प्लेंडरची ७८५. पाच सेंटिमीटरही नाहीत, पण गुडघ्याला ते कळतात. ॲव्हेंजर २२० थंडरबर्डपेक्षा वजनाला तीसेक किलोंनी हलकी.

दोन, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

तीन, पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर ऑइलचा ओघळ आहे का बघा. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्येच अडकलं तर कोनसेट गेलाय. क्रूझरचं पुढचं चाक लांब असतं, खड्ड्यांचा मार तिथे बसतो.

चार, आर.सी.वरचा इंजिन आणि चासी नंबर गाडीशी ताडून बघा. बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं थकलीत का, विमा चालू आहे का. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी आपली, नाव दुसऱ्याचं, हा धंदा नको.

पाच, पेट्रोल. आता २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, उसाचा हा जिल्हा. तोच ऊस आता टाकीत आलाय. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. रबरी नळ्या बदला आणि गाडी महिना महिना भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

आणि सहावी गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली, "क्रूझर आरामाची, पण गुळगुळीत रस्त्यावर. पाय पुढे असल्यामुळे खड्ड्यात उठून बसता येत नाही, दणका सरळ माकडहाडाला. रोज घाटातून शाळेत जायला स्प्लेंडरच ठेवा."

त्यांच्याच ओळखीतून २०१६ ची ॲव्हेंजर मिळाली, ५४ हजारांना. उरलेल्या सहा हजारांत टायर, चेन-स्प्रॉकेट, नळ्या. स्प्लेंडरला चेनवर पूर्ण झाकण असतं, हिला नाही. बेगमचा बुरखा आत जाऊ नये म्हणून फिटरकडून बाजूला रुंद पत्रा मारून घेतला. दिसायला बरा नाही. पाहणारे विचारतात. मी सांगतो, तो काढायचा नाही.

स्प्लेंडरचं पासिंग करून घेतलं. शाळेला तीच. घरात आता दोन गाड्या आहेत, त्यामुळे पहिला प्रश्न काही सुटला नाही. गरज एका गाडीची आणि ठेवल्यात दोन, ही हौस की हवस? मला वाटतं, खिशातल्या त्या फॉर्मपर्यंत ती हवस होती. भिशीच्या पैशात बसली, तेव्हा हौस झाली. पण हे मीच माझ्याबद्दल म्हणतोय, आणि असा न्याय आपल्याच बाजूने लागतो हे मला माहीत आहे.

पहिल्यांदा जामखेडला निघालो तो दिवस रविवारचा. बेगम पाय टाकून सहज बसली, मागे टेकली. मी दुआ पढली, या वेळी मोठ्याने. आष्टीला चहाला थांबलो, तिने गुडघ्याला हात लावला नाही. सासूबाईंनी लेकीचा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. मी अंगणात गाडी पुसत बसलो होतो.

परतताना कड्याच्या पुढे तिने मागून खांद्यावर थोपटलं. मला वाटलं शाबासकी.

"मेरे घुटने के नाम पे ली तुमने, मालूम है मेरेकू," ती म्हणाली. "चलाव अब, नीट चलाव. अगले महिने भी अम्मी के पास जाना है."